गळा नको, चोच बघा

कार्तिकी पौर्णिमेची यात्रा उलगडली, मन्मथस्वामींच्या समाधीला आलेल्या दिंड्या परतल्या, की मी दुर्बीण घेऊन कपिलधारला जातो. बालाघाटच्या उघड्या माळावरून दरीत उतरलं की झाडी, ओल आणि चिलटं. माझ्या पाहुण्याला एवढं पुरतं.

पाहुणा म्हणजे लाल छातीचा माशीमार. चिमणीहून लहान, वजन जेमतेम १० ग्रॅम. याची वीण पूर्व युरोपापासून पश्चिम सायबेरियापर्यंतच्या जंगलांत. तिकडची कितीतरी कीटकखाऊ पाखरं थंडीत आफ्रिका गाठतात. हा उगवतीची वाट धरून आपल्याकडे येतो.

आधी आवाज येतो. शिरीषाची वाळलेली शेंग हलवावी तसा ‘टर्रर्र’. मग पानांआड पंख किंचित ढळतात, शेपटी झटक्यात वर होते, आणि काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरे डाग चमकतात. कॅमेरेवाल्यांना लाल गळा हवा असतो. तो फक्त मोठ्या नराला. मादी आणि कोवळी पोरं साधी तपकिरी, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

खरी पंचाईत पुढेच. सायबेरियातला तैगा माशीमार याचा सख्खा चुलत भाऊ. जुन्या पुस्तकांत दोघांची एकच जात. तैगाचा भारतातला हिवाळी वावर जास्त करून पूर्वेकडे, पण तेवढ्यावर नाव लिहून मोकळं होता येत नाही. शेपटीच्या मुळावरची पिसं तैगाची शेपटीहूनही काळीभोर. चोच जवळजवळ सगळी काळी. आपल्या पाहुण्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट असतं. ते दिसायला पाखरू डोक्यावर हवं आणि ऊन आपल्या पाठीशी. सावलीत सगळ्याच चोची काळ्या.

यंदा चाळीस मिनिटं मान वर करून उभा होतो. प्रसादाच्या दुकानातल्या बाबांना राहवलं नाही.

“काय, मोहोळ हाय का वर?”

“नाही बाबा, पाखरू.”

“मग दगड मारा की, उडंल.”

दगडाविनाच ते उडालं, हवेतलं चिलट टिपून त्याच फांदीवर आलं आणि फांदीला चोच पुसू लागलं. इकडून एकदा, तिकडून एकदा. खालची बाजू फिकट, स्पष्ट.

वहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली. पंखावर कोवळ्या पाखराची पिवळसर पट्टी होती की उन्हाचा कवडसा, ते मात्र ठरेना. ‘मादी’पुढे प्रश्नचिन्ह काढलं.