राखणीच्या कुत्र्याची निगा

भोर व वेल्हे या डोंगराळ भागांत गोठ्याची व खळ्याची राखण कुत्रा करतो. परंतु त्याच्या निगेकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

पिल्लू 3 महिन्यांचे होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे ती दरवर्षी द्यावी. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर इलाज चालत नाही. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. तीत हळद, चुना वा तिखट भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

पावसाळ्यात कुत्र्यास कोरडी जागा द्यावी व अंगावरील गोचिडे काढावेत. कापलेल्या जनावराची कच्ची आतडी-काळीज घालू नये. त्यातून जंत होतात. बिबट्याचा वावर असल्याने रात्री त्यास उघड्यावर न बांधता बंद गोठ्यात ठेवावे.

सतत आखूड साखळीने बांधलेला कुत्रा भित्रा व चिडखोर बनतो आणि प्रसंगी घरच्यांसही चावतो. म्हणून रोज थोडे मोकळे फिरवावे. मेघगर्जनेने किंवा फटाक्यांनी तो थरथरू लागल्यास मारू नये; आडोशाला शांत बसू द्यावे.

ग्रामसेवकांनी गावातील कुत्र्यांची यादी करून पशुवैद्यकांशी लसीकरणाचा दिवस ठरवावा. वेळीच टोचलेली लस कुत्र्याबरोबर घरातील मुलांचेही रक्षण करते.