विकत घेतला, पण आणता येईना!

१९३० साली ऑस्ट्रियाचा एक तरणाबांड गोलरक्षक इंग्लंडच्या डोव्हर बंदरात येऊन पोहोचला. रुडी हिडेन त्याचे नाव. व्हिएन्नातल्या आपल्या क्लबाला रामराम ठोकून तो लंडनच्या आर्सेनल क्लबाकडे निघाला होता. सौदा ठरला होता; हर्बर्ट चॅपमनसारखा त्या काळचा धोरणी मॅनेजर त्याची वाट पाहत होता. पण बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी त्याला आल्या पावली परत पाठविले! का, तर विलायतेत तेव्हा बेकारीने कहर केला होता, आणि घरचे गोलरक्षक रिकाम्या हातांनी बसलेले असताना बाहेरचा कशाला, असा मजूरखात्याचा सवाल होता. क्लब श्रीमंत, खेळाडू खुशीत, कागदावर सह्या झालेल्या. अडले ते एका परवान्यापाशी.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९३१ साली, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने नियमच करून टाकला. परदेशी माणसाने व्यावसायिक म्हणून खेळायचे तर आधी दोन वर्षे इंग्लंडात राहिले पाहिजे. दोन वर्षे राहा आणि मग खेळून पोट भरा! मधली दोन वर्षे ते कशाने भरायचे, ह्याविषयी नियम मूग गिळून होता. हिडेनने काही वाट पाहिली नाही. तो पॅरिसच्या रेसिंग क्लबाकडे गेला, १९३६ साली त्या क्लबाने फ्रान्सची लीग आणि कप दोन्ही जिंकली तेव्हा गोलात तोच उभा होता, आणि पुढे १९४० साली खुद्द फ्रान्सच्या संघातूनही एकदा खेळला. नुकसान कुणाचे झाले ते वाचकांनीच ठरवावे.

आता मराठीच्या प्राध्यापकाने ह्या विलायती उचापतीत कशाला पडावे, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. मी आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. शनिवारी रात्री मुले अभ्यास करताहेत की नाही हे पाहायला जावे, तर सारी चाळीस डोकी दूरदर्शन संचासमोर, आणि संचावर ब्रायटन नाहीतर आर्सेनल! सुरुवातीला मी रागावायला जात असे. पुढे उभ्या उभ्या पाहू लागलो. आता माझ्यासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली असते. आणि पाहता पाहता मुलांच्या तोंडी एक शब्द वारंवार ऐकू येऊ लागला. "सर, तो लोनवर गेलाय." मला आधी आपल्या कबड्डीतले लोण वाटले! पण हे लोण समोरच्यावर चढवायचे नसते. हे आपल्या घरचे माणूस दुसऱ्याला वापरायला द्यायचे असते. साध्या मराठीत उसनवारी. शेजारणीने वाटीभर साखर न्यावी, तसा एका क्लबाने दुसऱ्याचा खेळाडू न्यायचा, मोसमभर वापरायचा आणि परत करायचा. पगार कुणी किती द्यायचा हे आपापसांत ठरते. बहुधा दोघे वाटून घेतात.

ह्या उसनवारीत गमतीही होतात. चेल्सी क्लबाने थिबो कुर्त्वा हा बेल्जियमचा गोलरक्षक २०११ साली विकत घेतला आणि लगेच स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिदला देऊन टाकला. तीन मोसम तो तिकडेच. २०१४ साली युरोपच्या चँपियन्स लीगच्या उपांत्य फेरीत गाठ पडली ती नेमकी ह्याच दोघांची! आमच्याविरुद्ध त्याला उतरवाल तर पैसे मोजावे लागतील, असे एक कलम करारात होते. युरोपच्या फुटबॉल संघटनेने ते कलम धाब्यावर बसविले. कुर्त्वा खेळला, अॅटलेटिकोने लंडनमध्ये येऊन ३-१ असा सामना जिंकला, आणि चेल्सीला आपल्याच पैशाने घेतलेल्या माणसाने आपले गोल अडविलेले पाहत बसावे लागले. साखर उसनी द्यावी, पण सुरी देताना विचार करावा.

पण कुर्त्वा युरोपचा. त्याला परवान्याची ददात नव्हती. खरी कहाणी आहे ती ज्यांना ददात होती त्यांची, आणि ती समजायला थोडा मागचा हिशेब पाहिला पाहिजे.

हिडेनवरून निघालेला तो दोन वर्षांचा नियम १९७८ पर्यंत टिकला. मधल्या काळात बर्ट ट्राउटमनसारखा जर्मन गोलरक्षक मँचेस्टर सिटीत नाव काढून गेला खरा. पण त्याला इंग्लंडात यायला परवाना लागला नव्हता, युद्धकैदी म्हणून त्याला सरकारी खर्चानेच आणले होते! १९७८ साली युरोपीय समुदायाने फर्मावले की आमच्यातल्या देशांच्या खेळाडूंना अशी आडकाठी घालता येणार नाही, आणि मग इंग्लिश लीगने दारच उघडले. उघड्या दारातून आधी आत शिरले ते मात्र युरोपचे नव्हेत. त्याच उन्हाळ्यात अर्जेंटिनाने विश्वकप जिंकला होता. त्या संघातले आर्दिलेस आणि व्हिला हे दोघे टॉटनहॅमने आणले. खेळाडूंच्या संघटनेने कुरकुर केली, प्रेक्षकांनी वरून कागदाच्या चिठोऱ्यांची वृष्टी केली. पुढे १९९५ साली बोस्मन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या देशांना तर सारे रानच मोकळे झाले. उरले ते बाहेरचे: जपानी, ब्राझीलवाले, आफ्रिकेचे, आपले. त्यांच्यासाठी कामाचा परवाना, आणि त्याची कसोटी अशी की देश जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत हवा आणि त्या देशाच्या गेल्या दोन वर्षांतल्या अधिकृत सामन्यांपैकी शेकडा पंचाहत्तर सामन्यांत तो माणूस खेळलेला हवा. २०१५ साली देशांची मर्यादा पहिल्या पन्नासांवर आली.

ह्या कसोटीत एक मोठीच विसंगती होती. ती माणसाचे पाय मोजत नसे, त्याचा देश मोजत असे. मोठ्या देशात जन्मलेल्या वीस वर्षांच्या पोराला आपल्या राष्ट्रीय संघात जागा मिळत नाही, कारण तिथे आधीच दिग्गज बसलेले. आणि लहान देशात जन्मलेला कितीही खेळला तरी देशच यादीत नाही! क्लबांनी ह्यावर तोड काढली ती उसनवारीची. आज विकत घ्यायचे, परवाना देणारा देश नसेल तर जो देश आडकाठी करीत नाही तिथे ठेवायचे, पिकू द्यायचे, आणि जमले तर आणायचे. आपल्याकडे आंबे अढीत घालतात तसे. पण अढीतला प्रत्येक आंबा पिकतोच असे नाही. काही तसेच सुरकुततात.

आर्सेनलने २०१६ साली हिरोशिमाच्या क्लबातून ताकुमा असानो हा वेगवान फॉरवर्ड घेतला. विलायतेचा परवाना त्याला मिळाला नाही. त्याला जर्मनीत श्टुटगार्टला उसना दिला. तिथे दोन मोसम. मग हॅनोव्हरला एक. तीन वर्षे हा आर्सेनलचा खेळाडू, आणि आर्सेनलच्या जर्सीत एक सामना नाही! २०१९ साली त्यांनी तो बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबाला विकून टाकला. मला हे सारे ठाऊक असायचे काही कारण नव्हते. २३ नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी आमच्या वसतिगृहात जर्मनी विरुद्ध जपान हा विश्वकपाचा सामना चालला होता. जर्मनी एक गोलने पुढे होती, जपानने बरोबरी केली, आणि ८३ व्या मिनिटाला एका बदली खेळाडूने लांबून आलेला चेंडू एका स्पर्शात काबूत घेतला, उजवीकडून आत घुसला आणि अगदी चिंचोळ्या फटीतून नॉयरच्या डोक्यावरून जाळ्यात हाणला. मुले नाचली. मी विचारले, "हा कोण?" एक जण म्हणाला, "सर, असानो. हा आर्सेनलचा होता."

"कधी खेळला?"

"खेळला नाही सर. नुसता होता."

ते "नुसता होता" माझ्या मनात फार दिवस राहिले. त्याला कारणही आहे. नोकरीच्या उमेदवारीत मी एका संस्थेकडे तासिका तत्त्वावर लागलो. नेमणूक शहरातल्या महाविद्यालयाची, आणि शिकवायला धाडले संस्थेच्या तालुक्याच्या शाखेत, "तात्पुरते". हे तात्पुरते चार वर्षे चालले. शहरातल्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर मी होतो; तिथल्या वर्गात कधी उभा राहिलो नाही. पगारात फरक पडला असेल नसेल, पण माणूस कुठलाच राहत नाही. तालुक्याचे लोक "शहरातून आलेले" म्हणत, शहरातले "तालुक्याला असतात" म्हणत. असानोला तर भाषाही परकी होती. क्लबाच्या वहीत अशी नावे पाच असतात. त्यांतले एक पिकले तर पाचांचे पैसे वसूल होतात. ज्यांचे पिकले नाही त्यांची वीस ते पंचविशीतली वर्षे मात्र कुणाच्याच खर्ची पडलेली दिसत नाहीत. फुटबॉलपटूच्या जन्मात अशी वर्षे असतात तरी किती?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. कावोरू मितोमा ह्याची गोष्ट मला अतिशय प्रिय आहे, आणि त्यात माझा धंदेवाईक पक्षपात आहे हे कबूल. अठराव्या वर्षी कावासाकीच्या क्लबाने व्यावसायिक कराराचे ताट पुढे केले असता हा मुलगा "अजून मी तयार नाही" असे मानून त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला! तिथे त्याने प्रबंध लिहिला तो चेंडू पायांशी खेळवीत प्रतिस्पर्ध्याला चकविण्याच्या कलेवर. सोबत्यांच्या डोक्याला कॅमेरे बांधून, चांगला खेळाडू त्या क्षणी पाहतो कुठे, ह्याचा त्याने अभ्यास केला. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दर वर्षी ऐकवितो.

ब्रायटनने त्याला २०२१ साली घेतले. तोवर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले होते आणि १ जानेवारी २०२१ पासून सर्वच परदेशी खेळाडूंना, फ्रेंच असो की जपानी, गुणांची नवी परीक्षा लागू झाली होती. राष्ट्रीय सामने, लीगचा दर्जा, मैदानावर घालविलेली मिनिटे, सगळ्यांना गुण. पंधरा भरले की उत्तीर्ण. दहा ते चौदा पडले तर विशेष समितीपुढे दाद मागायची. ग्रेस मार्कांची पद्धत विलायतेतही आहे हे वाचून मला बरे वाटले! ह्या परीक्षेत जपानची लीग खालच्या पायरीवर, बेल्जियमची वरून दुसऱ्या. मितोमा काही बसेना. पण ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम ह्यांची तेव्हा ब्रसेल्सच्या युनियन सें-जिल्वाज ह्या जुन्या क्लबातही मालकी होती. मितोमा तिकडे गेला. एका सामन्यात संघ दोन गोलने मागे आणि एक गडी कमी, अशा वेळी उतरून ह्याने तीन गोल केले आणि सामना फिरविला. एका वर्षात परवाना झाला. डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनविरुद्ध गोलरेषेच्या अगदी टोकावरून, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरने आत असलेला चेंडू ज्याने परतविला आणि जपानला विजयी गोल मिळवून दिला, तो हाच. आणि पुढच्याच महिन्यात शेवटच्या क्षणी लिव्हरपूलला कपातून बाहेर काढणाराही हाच.

म्हणजे उसनवारी वाईटच असे नाही. एका घराची दोन दारे असली आणि मालकाला पोराची खरी गरज असली, तर ती शाळाच ठरते. फरक पडतो तो मालकाच्या हेतूने. चेल्सीने २०२३ साली आंद्रे सांतोस ह्या ब्राझीलच्या पोराला वास्को क्लबातून घेतले, परवाना झाला नाही, तेव्हा पुन्हा वास्कोलाच उसना दिला. ज्या घरातून लग्न होऊन निघाली त्याच माहेरी पोर परत! त्यानंतर नॉटिंगहॅमच्या फॉरेस्ट क्लबात तो जवळजवळ नुसता बसून राहिला, आणि मग फ्रान्समध्ये स्त्रासबूरला गेला, जो क्लब २०२३ सालीच चेल्सीच्या मालकांनी घेतला होता. तिथे त्याचे बस्तान बसले. ज्या क्लबाची ऐपत दुसऱ्या देशात दुसरा क्लब घ्यायची नाही, त्याने मात्र ही अढी घालायची कुठे?

जागतिक संघटना फिफाने २०२२ पासून ह्या पसाऱ्याला थोडा चाप लावला आहे. एकवीस वर्षांवरचे किती खेळाडू परदेशी उसने द्यायचे ह्याची मर्यादा आधी आठ, मग सात, मग २०२४ पासून सहा अशी उतरवीत आणली. इंग्रजांनीही २०२३ साली एक फट ठेवली: जे क्लब घरच्या पोरांना पुरेशी मिनिटे खेळवतील त्यांना गुण न भरलेले थोडे परदेशी खेळाडू, जास्तीत जास्त चार, घेता येतील. हिडेनला परत धाडणाऱ्या मजूरखात्याची भीती आणि क्लबांची हाव ह्या दोहोंचा असा मेळ घालण्याची युक्ती मला मनापासून आवडली. घरच्या पोराला ताट वाढा, मग पाहुणा आणा. ह्यात वावगे काय आहे?

मुले मला विचारतात, "सर, आपल्यातला कुणी?" बायचुंग भुतिया १९९९ साली बरी ह्या छोट्या क्लबाकडून इंग्लंडात खेळला. त्यानंतर २००९ साली क्वीन्स पार्क रेंजर्स ह्या लंडनच्या क्लबाने सुनील छेत्रीशी तीन वर्षांचा करार केला. वय पंचवीस, पाय ऐन भरात. पण भारत पहिल्या सत्तरांत नव्हता. आपली आजवरची मोठी मजल म्हणजे १९९६ सालचा ९४ वा क्रमांक! परवाना नाकारला गेला. ब्रसेल्सला दुसरे घर असलेला मालक त्याला लाभला नव्हता. तो गोव्याच्या धेंपो क्लबाकडून खेळला, मग अमेरिकेत कॅन्सस सिटीला, मग लिस्बनला स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघात, आणि २०१५ साली बंगळूरने उसना दिला म्हणून आमच्या मुंबईतही. देशासाठी त्याने नव्वदाहून अधिक गोल केले. क्वीन्स पार्क रेंजर्सच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत मात्र त्याचा एकही सामना नाही.