स्मार्ट टीव्ही : इंटरनेटपासून दूर ठेवणेच हिताचे

आज चोपडा शहरात काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या खेड्यांत काय, नवा दूरचित्रवाणी संच घ्यावयास गेल्यास तो बहुधा ‘स्मार्ट’च मिळतो. संच बसविण्यास आलेला माणूस वाय-फायचा पासवर्ड विचारतो, पडद्यावरील सर्व अटी मान्य करतो आणि निघून जातो. त्या अटींद्वारे आपण कशास संमती दिली, हे घरात कोणासही ठाऊक नसते.

अनेक स्मार्ट संचांत ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’ नावाची यंत्रणा असते. पडद्यावरील दृश्याचे वा आवाजाचे सूक्ष्म नमुने घेऊन ती त्यांची बोटाच्या ठशासारखी सांकेतिक खूण तयार करते व इंटरनेटद्वारे कंपनीकडे पाठविते. तेथे ती खूण पडताळून कोणत्या घरी कोणता कार्यक्रम पाहिला गेला, हे ओळखले जाते. या माहितीच्या आधारे जाहिराती दाखविल्या जातात.

अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख संचांतून प्रेक्षकांच्या स्पष्ट संमतीविना अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला. २०१७ साली तिने २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटविले. २०२४ साली संशोधकांनी ब्रिटन व अमेरिकेत सॅमसंग आणि एलजी यांचे संच तपासले. एचडीएमआय तारेने संगणक जोडून संच केवळ पडदा म्हणून वापरला, तरीही ही टेहळणी चालू राहते, असे त्यांना आढळले. सेटिंगमधून नकार दिल्यावर मात्र ती थांबली.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे त्या पीठात होते. पुढे २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास त्यात सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून न राहता आपणही दक्षता घ्यावी.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे संच इंटरनेटला जोडूच नये. प्रथम सुरू करताना वाय-फायची पायरी वगळावी. आधीच जोडला असल्यास सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क काढून टाकावे. मोबाइलचा हॉटस्पॉट एकदा जोडला असेल, तर तोही काढावा. अन्यथा संच पुढे आपोआप जोडला जातो. केबल, डिश किंवा दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली ‘डीडी फ्री डिश’ यांवरील वाहिन्या पाहण्यास इंटरनेट लागत नाही. घरातील समारंभाची छायाचित्रे पेन ड्राइव्हवरून पाहता येतात.

यूट्यूबसारख्या सेवा मात्र संचावर मिळणार नाहीत. त्यासाठी वेगळी स्टिक जोडल्यास ती स्टिकही माहिती गोळा करू शकते, हे ध्यानात असावे. संच जोडणे अपरिहार्यच असेल, तर पाहण्याची माहिती व जाहिरात यांसंबंधीच्या संमती सेटिंगमधून बंद कराव्यात.

पाहुण्याला घरात घेताना आपण चौकशी करतो. दिवाणखान्यात कायमचा बसणाऱ्या या यंत्राचीही तशीच चौकशी प्रत्येक कुटुंबाने करावी.