पहिला लिफाफा

सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली असं सांगितलं की लग्नाच्या पंगतीत असो की दवाखान्याच्या बाकावर, लोक आवाज खाली करून एकच विचारतात, "टक्केवारी किती चालायची हो तुमच्याकडे?" मी विभागीय लेखाधिकारी होते. करारनामे वाचायचे, मोजमाप पुस्तिकेतले आकडे बिलाशी जुळवायचे, कुठे जास्त अदा होतंय का ते पाहायचं, हे माझं काम. टक्केवारीच्या कहाण्या माझ्याही कानावर आल्या. पण मी लोकांना सांगते, तो या धंद्यातला किरकोळ बाजार. बिल निघताना टेबलाटेबलावर हात ओले होतात, त्यानं काम कोणाला मिळणार हे ठरत नाही. जिथे ते ठरवलं जातं, तिथे बिलाच्या कितीतरी आधी ठरतं, आणि कागद सगळा नियमात असतो.

सरकारी कामाची निविदा दोन लिफाफ्यांत भरली जाते. आता ते ऑनलाइन आहे, तरी नाव लिफाफाच राहिलं. पहिल्यात ठेकेदाराची पात्रता : आधी केलेली कामं, वार्षिक उलाढाल, यंत्रसामग्री, बँकेची कागदपत्रं. दुसऱ्यात दर. पहिल्यात नापास झाला की दुसरा उघडतच नाही. सर्वसामान्य माणसाला वाटतं, जो स्वस्त करेल त्याला काम. खरं असं की जे पहिल्या लिफाफ्यातून पार पडले, त्यांच्यात जो स्वस्त त्याला काम. सगळी मेख त्या चाळणीत आहे.

चाळणी लागतेच, हे आधी मान्य करते. पूल बांधायचा तर पूल बांधलेलाच माणूस हवा. केंद्रीय दक्षता आयोगानं 2002 साली याचा ठोकताळा घालून दिला. गेल्या 7 वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामं, प्रत्येकी अंदाजित खर्चाच्या 40 टक्क्यांची. किंवा दोन कामं 50 टक्क्यांची. किंवा एकच 80 टक्क्यांचं. वार्षिक सरासरी उलाढाल खर्चाच्या किमान 30 टक्के. वाजवी हिशेब आहे. आयोगाला तो घालून द्यावा लागला, कारण अटी फार कडक किंवा फार सैल ठेवून हवा तो माणूस आत घेतला जातो, हे त्याच्या नजरेला आलं होतं.

माझ्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विभागात रस्त्याच्या मजबुतीकरणाची निविदा निघाली. मुदत संपायला दोन-तीन दिवस उरले असताना शुद्धिपत्रक आलं : डांबर मिश्रणाचा प्लँट ठेकेदाराच्या स्वतःच्या मालकीचा आणि कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा. अटीला तांत्रिक कारण आहे. डांबर गरम असतानाच अंथरावं लागतं, लांबून आणलं तर थंड पडतं. पण त्या अंतरात मालकीचा प्लँट तालुक्यात एकाचाच होता, आणि तो कोणाच्या प्रचाराच्या गाड्यांत डिझेल भरतो हे चहाच्या टपरीवरच्या पोरालाही माहीत होतं. मी टिपणी लिहिली. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही आकडे बघा, अटी आमच्यावर सोडा. वरून आलंय." निविदा तीन आल्या. त्यांतल्या दोन, आमच्या भाषेत, सपोर्टला टाकलेल्या, म्हणजे नावापुरत्या भरलेल्या. काम कोणाला गेलं ते सांगायला नको. माझी टिपणी फाईलमध्ये शांतपणे झोपली.

'वरून' हा पत्ता शोधायचा तर ठेकेदाराचा पैसा वर कोणत्या वाटेनं जातो ते पाहावं लागतं. रोख वाटेबद्दल मी काय बोलणार, तिची पावती नसते. पण पावतीची वाटही आहे, आणि महाराष्ट्राला ती फार आधीपासून ठाऊक आहे. 1981 साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, कोटा मिळाल्याशिवाय बिल्डरची इमारत उभी राहत नव्हती. त्याच काळात बिल्डरांच्या देणग्या अंतुल्यांनीच काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानात जमा होत होत्या. अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये प्रकरण उघडं केलं, जनता पक्षाचे प. बा. सामंत न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. जानेवारी 1982 मध्ये अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं. फौजदारी खटला मात्र पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला आणि शिक्षा काही झाली नाही. लेखापाल म्हणून मला लेंटिन यांच्या निकालाचं अप्रूप वाटतं ते वेगळ्या कारणानं : देणगी कधी आली आणि परवाना कधी निघाला, या दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की किती बोलतात, ते तिथे दिसलं.

कंपन्यांच्या देणग्यांचा कायदा तर सरकारांच्या मर्जीनं हिंदकळत आला. 1969 साली बंदी. 1985 साली पुन्हा परवानगी, नफ्याच्या 5 टक्क्यांपर्यंत. 2013 च्या कंपनी कायद्यात मर्यादा साडेसात टक्के झाली. 2017 च्या वित्त कायद्यानं मर्यादाच उडवली, आणि कोणत्या पक्षाला दिलं हे हिशेबात दाखवण्याची सक्तीही. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा कितीही देऊ शकत होती. पाठोपाठ 2018 साली निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून घ्यायचे, पक्षानं 15 दिवसांत वटवायचे, नाव गुप्त. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही योजना आणि मर्यादा उठवणारी दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. रोखे कोणी घेतले आणि कोणत्या पक्षानं वटवले, याच्या न्यायालयानं मागितलेल्या याद्या द्यायला बँकेनं जूनअखेरपर्यंत मुदत मागितली. न्यायालयानं ती नाकारली, आणि मार्चमध्ये याद्या आल्या. आयुष्यभर खतावण्या जुळवलेल्या बाईला यापेक्षा चांगलं वाचन कोण देणार?

त्या यादीत दुसऱ्या क्रमांकाचा खरेदीदार बांधकाम क्षेत्रातला : हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, सुमारे 966 कोटींचे रोखे. सर्वांत मोठा वाटा, सुमारे 585 कोटी, भाजपला. 195 कोटी भारत राष्ट्र समितीला, जी तेव्हा तेलंगणात सत्तेवर होती. तिथल्या कालेश्वरम उपसा सिंचन योजनेची मोठी कामं याच कंपनीकडे होती. पक्षाचा रंग कोणताही असो, पैसा खुर्ची ओळखतो. आपल्याकडची नोंद अशी : 11 एप्रिल 2023 रोजी कंपनीनं 140 कोटींचे रोखे घेतले. साधारण महिनाभरानं, मे महिन्यात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं सुमारे 14,400 कोटींचं काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून (एमएमआरडीए) तिला मिळालं. यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही, हे स्पष्ट म्हणते. तारखा लागून आल्या म्हणजे गुन्हा घडला असं होत नाही. पण ऑडिटमध्ये अशा दोन नोंदी शेजारी दिसल्या तर फाईल मागवली जाते. इथे ती कोणी मागवली? रोख्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं 2 ऑगस्ट 2024 रोजी फेटाळली. ज्याची त्यानं नेहमीच्या कायदेशीर मार्गानं दाद मागावी, असं सांगितलं.

पहिला लिफाफा किती महाग पडू शकतो, ते 2025 च्या मे महिन्यात घोडबंदर–भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या निविदांत दिसलं. दोन्ही मिळून सुमारे 14,000 कोटींची कामं. एल अँड टी तांत्रिक छाननीत बाद झाली, आणि का बाद झालो हेही आपल्याला कळवलं नाही, अशी तिची तक्रार होती. सर्वांत कमी देकार म्हणून नाव आलं पुन्हा मेघा इंजिनिअरिंगचं. आपले दर एकूण तीन हजार कोटींहून अधिक रकमेनं कमी होते, असं एल अँड टीनं न्यायालयात मांडलं. एल अँड टी काही बिचारी नव्हे, तिच्या वकिलांची फीच आमच्या तालुक्याच्या रस्त्यांना पुरेल. मुंबई उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयानं मात्र विचारलं की सेंट्रल व्हिस्टा बांधणारी कंपनी इथे अपात्र कशी? 30 मे रोजी एमएमआरडीएनं दोन्ही निविदा रद्द करत असल्याचं सांगितलं. एवढी मोठी कंपनी दिल्लीपर्यंत गेली म्हणून हे झालं. तालुक्यातला दुसरा डांबरवाला कुठे जाणार होता?

रोखे गेले, पण देणग्या थांबलेल्या नाहीत. आता जोर निवडणूक न्यासांवर आहे. कंपन्या न्यासाला देतात, न्यासानं वर्षभरात जमलेल्यापैकी किमान 95 टक्के पक्षांना वाटायचे. कोणी न्यासात घातले आणि कोणाला न्यासातून मिळाले, या दोन्ही याद्या निवडणूक आयोगाकडे जातात. अडचण अशी की पैसा मध्ये एकाच हौदात मिसळतो, त्यामुळे अमक्याचा रुपया तमक्याच खिशात गेला असं बोट ठेवता येत नाही. तरीही रोख्यांपेक्षा हे बरं. निदान नाव दिसतं.

पहिला लिफाफा तुम्हालाही तपासता येतो. तुमच्या गावच्या रस्त्यावर कामाचा फलक असतो. ठेकेदार, रक्कम, मुदत, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. फोटो काढून ठेवा. मग माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून संबंधित विभागाकडे तीन गोष्टी मागा : निविदेची मूळ अट, नंतर निघालेली सगळी शुद्धिपत्रकं आणि पहिल्या लिफाफ्याचा छाननी अहवाल. दरपत्रक मागत बसू नका. ते बहुतेक वेळा चोख असतं.