कुरणात भरलेली शाळा

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, तेव्हा बालशिक्षणात त्यांचं नाव झालेलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी काम केलं होतं आणि १९२६ पासून नूतन बालशिक्षण संघाची जबाबदारी सांभाळली होती. पण हे शिक्षण बहुतांशी शहरातल्या सुस्थितीतल्या घरांपुरतंच होतं. बोर्डीच्या दलित वस्तीतल्या मुलांसाठी बालवाडी सुरू झाली, तरी मुलं काही येईनात.

यावर ठरलेलं उत्तर तयारच असतं: या मुलांना शिकण्याची आवडच नाही. ताराबाई आणि त्यांच्या तरुण सहकारी अनुताई वाघ यांनी ते मान्य केलं नाही. मुलं येत नसतील तर बालवाडीनंच मुलांकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात खेळ मांडले, गाणी सुरू केली. लांबून पाहणारी मुलं हळूहळू जवळ येऊन बसली. या प्रयोगाचं नाव ‘अंगणवाडी’. पुढे १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोचला.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. इथली वारली मुलं दिवसभर गुरांमागे असत किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत. घराचा गाडा त्यांच्याही कामावर चालत असल्यामुळे त्यांना वर्गात बसवणं सोपं नव्हतं. मग गुरं जिथे चरत तिथेच शाळा भरू लागली. ती कुरणशाळा! दिवसा सवड नसलेल्यांसाठी रात्रीची शाळा होती आणि भावंडं सांभाळणाऱ्यांची अडचण बालवाडी-पाळणाघरामुळे सुटत होती.

शिकवण्याचं साहित्यही आसपासचंच असे. मॉन्टेसोरी पद्धतीची मूळ साधनं गरीब गावांना परवडणारी नव्हती, पण तिच्यातलं तत्त्व या दोघींनी नेमकं उचललं: मुलानं स्वतः हाताळावं, निवडावं, पुन्हा पुन्हा करून पाहावं. त्यासाठी बिया, खडे, शिंपले, पानं, माती पुरेशी होती. रानात वाढलेल्या मुलाला झाडं ओळखता येतात, जनावरांच्या खोडी ठाऊक असतात, कळपातलं एखादं वासरू मागे राहिलं तर त्याच्या ध्यानात येतं. निरीक्षण, वर्गीकरण, मोजदाद ही सारी गणिताची आणि विज्ञानाचीच पूर्वतयारी. फक्त शाळेनं तिला ज्ञान म्हणून दाखल करून घ्यायला हवं. कोसबाडला ते झालं. अनुताईंनी हयातभर तिथे काम केलं.

मुलाची शिकण्याची ओढ आधीपासूनच असते, एवढं मान्य केलं की पुढचा प्रश्न येतो: ती विझते कशानं? याचं एक उत्तर अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध प्रयोगानं दिलं. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतली, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता, चित्र झाल्यावर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंग पुन्हा ठेवले, या वेळी बक्षीस कुणालाच नव्हतं. बक्षीस ठरवून चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

म्हणून शाबासकी देऊच नये, असा याचा अर्थ नाही. जे काम मुलाला अजिबात आवडत नाही, त्याची सुरुवात करून द्यायला एखादं बक्षीस उपयोगी पडूही शकतं. पण जे मूल आपणहून गोष्टीचं पुस्तक उघडतं, त्याच्यासमोर ‘वाचलंस तर चॉकलेट’ ठेवणं हे खरं नुकसान आहे. पहिल्या इयत्तेपासूनचे तारे, क्रमांक, भावंडांशी तुलना हेच करतात. मग मूल उत्तरापेक्षा बाईंच्या चेहऱ्याकडे जास्त पाहू लागतं.

महाराष्ट्रात यापासून वेगळी वाट धरणाऱ्या शाळा आहेत. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांचा अनुभव आणि त्यांचं स्वतःचं लेखन यांना तिथे शिक्षणात मानाची जागा मिळाली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वंचित वस्त्यांतल्या मुलांना वाचतं-लिहितं करण्याचं काम उभं केलं, त्यातूनच कमला निंबकर बालभवन ही शाळा आकाराला आली. मुलाच्या घरची बोली हा तिथे दोष मानला गेला नाही. घरी बोलली जाणारी भाषा ‘अशुद्ध’ ठरली की मूल आधी गप्प होतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला प्रश्न विचारायचं धैर्य कुठून येणार?

असे बदल करायला मोठा निधी लागत नाही, पण शिक्षकाला वेळ लागतो. वर्गात साठ मुलं आणि हातात भरायचे रकाने असतील, तर कुठलाही शिक्षक एकेका मुलाची आवड ओळखू शकणार नाही. शिक्षकाला तेवढा वेळ मिळावा, ही मागणी पालकांनीच शाळेकडे, शाळा व्यवस्थापन समितीकडे करायला हवी. पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी जरूर करा, पण त्याआधी बाईंना एवढं विचारा: माझं मूल वर्गात कशात रमतं, आणि या महिन्यात त्यानं तुम्हाला कोणते प्रश्न विचारले?