कात्रीनं कापलेली पट्टी

श्रोतेहो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं एक दुकान आहे. आपण सगळे त्याला 'मेडिकल' म्हणतो. संध्याकाळच्या वेळी तिथं पाच मिनिटं उभं राहिलं, की एक आवाज सारखा कानावर येतो. कात्रीचा. कामावरून सुटलेली माणसं डॉक्टरांची चिठ्ठी पुढं करतात आणि हळूच म्हणतात, "चारच द्या," "उद्यापुरत्या द्या." दुकानदार दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देतो. औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, तीस वर्षं कविता लिहितो, गरिबीवरही पुष्कळ लिहिलं. पण त्या कात्रीच्या आवाजाकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं घरातल्याच एका प्रसंगानं.

माझे थोरले भाऊ शिंपीकाम करतात. इथं सोलापुरातच त्यांचं छोटं दुकान आहे. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासणी झाली, अँजिओप्लास्टी झाली, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसली. सरकारी योजनेतून हे सगळं झालं, खिशातून पैसा गेला नाही. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. वाटलं, संपलं संकट.

खरं तर ते तिथून सुरू झालं. घरी येताना हातात जी चिठ्ठी होती, तिच्यावर सहा औषधं होती. रक्त पातळ ठेवणारं, कोलेस्टेरॉलचं, रक्तदाबाचं, साखरेचं. महिन्याचा खर्च अठ्ठावीसशे रुपयांच्या आसपास. लग्नसराई सोडली तर शिंप्याच्या दुकानाला हा आकडा जड जातो. पाच-सहा महिन्यांनी एकदा त्यांच्या घरी गेलो, तर भाभींनी मला स्वयंपाकघरात बोलावून गोळ्यांचा डबा उघडून दाखवला. म्हणाल्या, "हे तुमच्यापुढं बोलणार नाहीत. दोन महिने झाले, एक दिवसाआड घेतायत."

मी भाईजानना विचारलं. मशिनवरून मान वर न करता ते म्हणाले, "अरे, एक दिवस नाही घेतली तर कुठं काय होतंय? आता दुखत तर नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेलो आणि जे खरं होतं ते सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत, गंभीर झाले. म्हणाले, "स्टेंट नवी असताना रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानं कमी केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ती माणसाला वेळ देत नाही." मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मी विसरलेलो नाही. "परवडत नाही, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

आज मला जे सांगायचं आहे, ते या एका प्रश्नाभोवतीच आहे. महागड्या औषधांसाठी मदत मिळते. पण ती आपला पत्ता शोधत येत नाही. तिला विचारावं लागतं, योग्य खिडकीवर आणि पैसे भरण्याआधी विचारावं लागतं.

पहिली खिडकी म्हणजे डॉक्टरांचं टेबल. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी पुन्हा लिहिली. सहापैकी एक औषध नवं आणि महाग होतं, त्याच्या जागी त्यांनी जुनं, स्वस्त औषध दिलं. ते चालेल की नाही, हे त्यांनी भाईजानांची प्रकृती पाहून ठरवलं. तो निर्णय आपला नव्हे, दुकानदाराचाही नव्हे. बाकीच्या औषधांची त्यांनी कंपनीची नावं न लिहिता मूळ नावं लिहिली. यालाच जेनेरिक नाव म्हणतात.

हे जेनेरिक म्हणजे काय? गव्हाचं पीठ कुठल्याही गिरणीतून आणलं तरी ते गव्हाचंच असतं, पिशवीवरचं नाव तेवढं बदलतं. औषधाचंही तसंच आहे. गोळीत काम करतो तो एक रासायनिक घटक. त्याच घटकाची गोळी वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात आणि किमतीत कितीतरी पटींचा फरक असतो. त्यात जाहिरातीचा, प्रतिनिधींचा, दुकानाच्या नफ्याचा वाटा असतो. औषध अगदी नवं असेल, तर पेटंटही असतं. म्हणजे ते बनवण्याचा हक्क काही वर्षं एकाच कंपनीकडं राहतो. आपल्याकडं १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या घटकावर असा हक्क द्यायचं बंद केलं होतं. त्यामुळं भारतीय कंपन्या तीच औषधं वेगळ्या पद्धतीनं आणि स्वस्तात बनवायला शिकल्या. २००१ साली एच.आय.व्ही.ची तीन औषधं जगात वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत होती. ती 'सिप्ला'च्या डॉ. युसूफ हमीद यांनी दिवसाला एक डॉलरहून कमी दरानं देऊ केली, तेव्हा सारं जग चकित झालं. २००५ पासून औषधांची पेटंट आपल्याकडं पुन्हा सुरू झाली, तरी ज्यांची मुदत संपली आहे अशी असंख्य औषधं स्वस्तात बनतात. महाग म्हणजे चांगलं आणि स्वस्त म्हणजे हलकं, हा हिशोब कापडाच्या दुकानात चालत असेल. औषधाच्या दुकानात तो चालत नाही.

तेव्हा दुसरी खिडकी, जनऔषधी केंद्र. केंद्र सरकारच्या या योजनेतलं पहिलं दुकान नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरला उघडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा हजारावं केंद्र सुरू झालं. आता जिल्ह्याच्या गावी आणि पुष्कळ तालुक्यांतही ही केंद्रं आहेत. औषधं मूळ नावानंच विकली जातात. किंमत नावाजलेल्या कंपन्यांच्या औषधापेक्षा निम्मी असते, कित्येकदा त्याहूनही पुष्कळ कमी. भाईजानांची पाच औषधं तिथं मिळाली, सहावं मिळालं नाही, ते मेडिकलमधून घेतलं. सगळं मिळून महिन्याला साडेआठशे रुपये लागले. अठ्ठावीसशेचे साडेआठशे! भाभींनी ती पावती कितीतरी दिवस डब्याखाली जपून ठेवली होती.

इथं एक सावधगिरी सांगतो. फिट्स, थायरॉइड, रक्त पातळ ठेवणारी काही औषधं, किडनी बदललेल्या माणसाची औषधं, यांत कंपनी बदलायची तर आधी डॉक्टरांना विचारा. बदलल्यावर एखादी तपासणी लागू शकते.

तिसरी खिडकी आपण विसरूनच गेलो आहोत, ती म्हणजे सरकारी दवाखाना. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात मोफत मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधापर्यंत काहीच आकारायचं नाही, असा निर्णय झाला. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. कधी एखादं औषध संपलेलं असतं. मग सहापैकी तीन तिथून घ्यावीत, उरलेली जनऔषधीतून. असा मेळ घालायला कुणाची बंदी नाही.

चौथी खिडकी मोठ्या आजाराची. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांसाठी असलेली ही योजना २०२३ च्या निर्णयानं राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि विम्याची रक्कम कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. दाखल होताना पहिल्यांदा त्याला गाठा. पैसे भरून झाल्यावर गाठलं, तर ते परत मिळवणं अवघड. कर्करोगाची केमोथेरपी, डायलिसिस हेही त्यात येतं. पण योजनेची मेख इथंच आहे. दाखल असतानाचं औषध आणि सुट्टीनंतर थोड्या दिवसांचं औषध ती देते. पुढची आयुष्यभराची गोळी आपली आपण घ्यायची असते. भाईजान नेमके याच फटीत सापडले होते. म्हणून सुट्टी मिळते त्याच दिवशी विचारा, "पुढच्या महिन्यापासून ही औषधं कुठून घेऊ?"

पाचव्या खिडकीची गोष्ट सांगताना आजही माझा आवाज जड होतो. २००९ साली माझी अम्मी एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात तीन आठवडे होती. रोज सकाळी औषधांची यादी हातात यायची आणि मी खालच्या दुकानात धावायचो. शेवटी तिच्या हातातल्या बांगड्या विकल्या. ती वाचली नाही. नंतर कितीतरी महिन्यांनी मला समजलं, की महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली त्याची रीतसर योजना घालून दिली. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम रुग्णालयानं निर्धन रुग्ण निधीत टाकायची, आणि निर्धन रुग्णाच्या औषधांचा खर्च त्यातून भागवायचा. दुर्बल घटकाला औषधाच्या बिलात, तेही रुग्णालयाच्या खरेदी किमतीनं, निम्म्यापर्यंत सवलत मिळू शकते. आज निर्धन म्हणजे ज्याचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत आहे तो, आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आतला. आम्ही तेव्हाच्या मर्यादेत बसलो असतो की नाही, कोण जाणे. पण आम्ही विचारलंच नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

तुम्ही विचारा. तिथं समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्यापुढं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड ठेवा. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडं अनामत मागता येत नाही. उडवाउडवीची उत्तरं मिळाली, तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

आता शेवटची खिडकी, खरोखर लाखांतल्या औषधांची. कर्करोगाची काही नवी औषधं अशी आहेत, की चांगल्या पगारदाराचंही घर बसावं. २०१९ साली सरकारनं कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा तीस टक्क्यांवर रोखला, त्यानं थोडा दिलासा मिळाला. काही कंपन्या गरजू रुग्णांसाठी औषध मोफत किंवा सवलतीत देण्याचे कार्यक्रम चालवतात. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचं 'ग्लिव्हेक' हे औषध भारतात हजारो रुग्णांना अशा कार्यक्रमातून मिळालं. त्याचा अर्ज डॉक्टरांमार्फतच जातो. म्हणून तज्ज्ञाला स्पष्ट विचारावं, "या औषधासाठी कंपनीची काही मदत आहे का?" मुख्यमंत्री सहायता निधीतूनही उपचाराला मदत मिळते. ती रुग्णाच्या हाती न येता रुग्णालयाच्या खात्यात जाते, म्हणून डॉक्टरांनी दिलेला खर्चाचा अंदाज लागतो. यांपैकी कुठल्याच अर्जासाठी मधल्या माणसाला पैसे द्यावे लागत नाहीत. कुणी मागितले, तर समजावं की माणूस चुकीचा आहे.

कागदांची एक पिशवी मात्र आजच भरून ठेवा. रेशनकार्ड, आधार, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आजाराचे सगळे कागद, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. आजार मध्यरात्री येतो, तहसील कचेरी सकाळी उघडते.

श्रोतेहो, एवढं सगळं असताना माणसं विचारत का नाहीत? मी भाईजानना हे विचारलं होतं. ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांची मापं घेतली, कुणापुढं हात नाही पसरला." मी त्यांना म्हटलं, "भाईजान, आपल्यात जकात आहे. कमावणाऱ्यानं साठवलेल्यातला अडीच टक्के वाटा गरजवंताला द्यायचा, तो त्याचा हक्क म्हणून. मग कायद्यानं रुग्णालयाच्या बिलातून जे दोन टक्के बाजूला काढायला लावले, ते तरी भीक कशी? आणि या योजनांचा पैसा येतो कुठून? तुम्ही दोऱ्याची रिळं घेता, त्यावरही कर भरताच की."

ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून गोळी चुकलेली नाही. आता त्यांच्या दुकानात कपडे शिवायला येणारं कुणी औषधाच्या खर्चाचं बोललं, की ते टेप गळ्यात तसाच ठेवून सांगतात, "आधी डॉक्टरला खरं सांगा, मग जनऔषधीत जा."

मेडिकलमधली कात्री माझ्या एका भाषणानं थांबणार नाही, हे मला समजतं. पण उद्या तुम्ही रांगेत उभे असाल आणि पुढचा माणूस "चारच द्या" म्हणाला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जवळच्या केंद्राचा पत्ता सांगा. त्याला कुणीतरी सांगायला हवं. आम्हाला २००९ साली कुणी सांगितलं नव्हतं.