परिस्थितिजन्य पुरावा आणि खुनाची दोषसिद्धी : अनंत चिंतामण लागू खटल्याच्या संदर्भात

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेल्या खटल्यात न्यायालयास परिस्थितिजन्य पुराव्यावर विसंबावे लागते. सिद्ध झालेल्या परिस्थितींची साखळी अखंड असावी आणि आरोपीच्या निर्दोषत्वाशी सुसंगत असे वाजवी अनुमान तिच्यातून निघू नये, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हनुमंत गोविंद नारगुंदकर खटल्यात सांगितली. (तो खटला खुनाचा नव्हे, बनावट दस्तऐवजांचा होता, हे सहसा विस्मरणात जाते.) परंतु मृत्यू नैसर्गिक की घातपाती हेच वैद्यकशास्त्र सांगू शकत नसेल, तर या कसोटीचे काय होते?

हा प्रश्न मुंबईतील गोकुळदास तेजपाल रुग्णालयात झालेल्या एका मृत्यूतून उभा राहिला. पुण्याच्या सधन विधवा लक्ष्मीबाई कर्वे १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री आपले विश्वासू डॉक्टर अनंत लागू यांच्यासह मुंबईतील तज्ज्ञाकडे जाण्यासाठी आगगाडीने निघाल्या. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. स्थानकालगतचे सेंट जॉर्जेस रुग्णालय सोडून डॉक्टरांनी त्यांना टॅक्सीने गोकुळदास तेजपालमध्ये नेले व ‘इंदुमती’ या खोट्या नावाने दाखल केले. त्याच सकाळी त्यांचा मृत्यू झाला. मधुमेही मूर्च्छा हे कारण नोंदले गेले. शव बेवारस राहिले. पुढे झालेल्या शवविच्छेदनात व रासायनिक परीक्षणात विष आढळले नाही. दरम्यान बाईंनी जोशी नामक गृहस्थाशी विवाह करून दूर संसार थाटल्याची बनावट पत्रे आप्तांना येत होती आणि त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात होती.

सत्र व उच्च न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी बहुमताने कायम केली. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्या. हिदायतुल्ला यांच्या मते मधुमेही मूर्च्छेची लक्षणे जुळत नव्हती. विष न सापडणे हे विष न दिल्याचे प्रमाण नव्हे, आणि आरोपीचे मृत्यूपूर्वीचे व नंतरचे वर्तन एकत्रित पाहता खुनाखेरीज अन्य निष्कर्ष संभवत नव्हता. न्या. सरकार यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. नैसर्गिक मृत्यूची शक्यता त्यांना पूर्णतः वगळता येईना. हे मतभेद किरकोळ मानता येत नाहीत. मृत्यूचा गैरफायदा घेणारा लबाड आणि मृत्यू घडवणारा खुनी यांचे नंतरचे वर्तन बाह्यतः सारखेच दिसू शकते.

पुण्याच्याच शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (१९८४) चित्र उलटे होते. तेथे पोटॅशियम सायनाइड निश्चित झाले होते. पण आत्महत्येची शक्यता उरल्याने फाशीची शिक्षा झालेला आरोपी सुटला. परिस्थितिजन्य पुराव्याची ‘पंचशील’ म्हणून उद्धृत होणारी पाच तत्त्वे याच निर्णयातील. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. परंतु ही पाच तत्त्वे त्याच्याही कोणत्या कलमात नाहीत, ती न्यायनिर्णयांतूनच वाचावी लागतात.